लाक-मेगांटिक: पाइपलाइन नव्हती म्हणून रुळांवर आलेलं तेल

कच्चं तेल पाइपलाइननं न्यायचं की रेल्वेनं, हा वाद अमेरिका-कॅनडात वर्षानुवर्षं चालू आहे. दोन्ही बाजूंकडे आपापले आकडे खिशात तयार असतात आणि गंमत म्हणजे दोन्हीकडचे आकडे बऱ्यापैकी खरे असतात. म्हणून त्या मारामारीत न शिरता एकच गाडी घेऊया. 6 जुलै 2013, मध्यरात्र उलटून सव्वा तास झालेला, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं लाक-मेगांटिक नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव, आणि त्यात शंभरच्या स्पीडनं घुसलेली 72 टँक वॅगनची गाडी, जिच्यात ड्रायव्हर नव्हताच. 47 माणसं गेली. कॅनडाच्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डानं (पुढं नुसतं बोर्ड म्हणतो) वर्षभर तपास करून ऑगस्ट 2014 मध्ये रिपोर्ट दिला आणि त्यात एक-दोन नाही, 18 कारणं मांडली.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. हे प्रकरण बहुतेक जण "ड्रायव्हरनं हँडब्रेक कमी लावले" इथंच संपवतात. ते खोटं नाही. पण एवढं पेटाऊ तेल, त्या डबघाईला आलेल्या लाइनवर, त्या उतारावर, एकट्या माणसाच्या भरवशावर आलंच कसं, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पाइपलाइन टाकायची तर शंभर ठिकाणी विचारावं लागतं, गाडी सोडायची तर डबे मिळाले की झालं, आणि माझ्या मते सगळी गोम तिथं आहे.

तेल रुळांवर आलं कसं

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात बाकेन नावाचा तेलाचा पट्टा आहे. तेल आहे हे जुनंच माहीत होतं, निघत नव्हतं. आडवं ड्रिलिंग आणि फ्रॅकिंग (पाण्याच्या दाबानं खडक फोडून तेल काढणं) जमायला लागल्यावर 2008 च्या पुढं तिथं अक्षरशः पूर आला, आणि मग लक्षात आलं की तेल निघतंय खरं पण न्यायचं कशातून? हा भाग सगळा गव्हाचा, माणूस विरळ, पाइपलाइनी होत्या त्या तुटपुंज्या. नवी टाकायची तर अर्ज, सुनावण्या, जमिनी, पर्यावरणाचे अहवाल, कोर्ट, यात पाच-सात वर्षं सहज जातात. याउलट रेल्वे आधीच होती, गहू न्यायला शंभर वर्षांपूर्वी टाकलेली. गोल फिरणारा एक ट्रॅक, तेल भरायचे नळ, दोन-चार टाक्या, की वर्षभरात टर्मिनल तयार. शंभर डब्यांचा एक रेक म्हणजे साधारण 70 हजार बॅरल.

भाड्याचं म्हणाल तर रेल्वे पाइपलाइनपेक्षा महागच पडते, दुप्पट-अडीचपट धरा. तरी परवडत होतं, कारण त्या काळात अमेरिकेच्या आतल्या भागात अडकलेलं तेल आणि समुद्रमार्गे येणारं ब्रेंटच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बाजाराच्या, भावाचं तेल यांच्यात बॅरलमागं दहा-वीस डॉलरचा फरक पडत होता. किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांना बाकेनपासून पाइपच नव्हता, त्या जहाजानं महाग तेल आणायच्या. त्यांना रेल्वेनं आलेलं स्वस्त तेल म्हणजे लॉटरी. शिवाय रेल्वेचा एक फायदा पाइपला कधीच मिळत नाही, आज लुईझियानात भाव चांगला असेल तर गाडी तिकडं, उद्या फिलाडेल्फियात असेल तर तिकडं. पाइप एकदा पुरला की पुरला.

मग आकडे फुगले. अमेरिकेत 2008 मध्ये कच्च्या तेलाचे साडेनऊ हजार डबे रेल्वेनं गेले होते, 2013 मध्ये चार लाखांच्या वर. कॅनडात 2009 मध्ये 500 डबे, 2013 मध्ये एक लाख साठ हजार. पाच वर्षांत धंदा चाळीसपट झाला की नियम, इन्स्पेक्टर, डबे, ट्रेनिंग, विमा यातलं काहीही चाळीसपट होत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आपली गाडी निघाली नॉर्थ डकोटातल्या न्यू टाउनहून आणि जायची होती कॅनडाच्या पार पूर्व टोकाला, न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला, आयर्विंगच्या रिफायनरीत. ही कॅनडातली सगळ्यात मोठी रिफायनरी. माँट्रियलपर्यंत गाडी कॅनेडियन पॅसिफिक या बड्या कंपनीकडं होती. तिथून पुढं ती माँट्रियल, मेन अँड अटलांटिक रेल्वेकडं गेली, तिला सगळे एमएमए म्हणायचे. बड्या कंपन्यांना न परवडणारे रूळ घेऊन चालणाऱ्या ज्या छोट्या कंपन्या तिकडं असतात, त्यातली ही एक. 2003 पासून चालू, जुनी दिवाळखोर लाइन विकत घेऊन. हिचा मुख्य धंदा कागद आणि लाकूड, तो बसत चाललेला. खर्च कमी करायचा म्हणून एका माणसावर गाडी चालवायची परवानगी मागितली आणि 2012 मध्ये सुरूही केली. रूळ यथातथा. अशा कंपनीला तेलाच्या गाड्या मिळायला लागल्या तेव्हा कोण आनंद झाला असेल.

त्या रात्री नांतमध्ये

5 जुलैला रात्री अकराच्या सुमाराला गाडी नांत नावाच्या गावाशी येऊन थांबली. इथं ड्रायव्हर बदलायचा, पुढचा माणूस सकाळी येणार. पाच इंजिनं, 72 टँक वॅगन, लांबी जवळपास दीड किलोमीटर, वजन 9 हजार टनांहून जास्त. नांत उंचावर आणि लाक-मेगांटिक त्याच्या खाली, 11 किलोमीटरवर. उतार 1.2 टक्के. कागदावर हे काहीच वाटत नाही, 83 मीटर चाललात की एक मीटर खाली, सायकलवाल्यालाही जेमतेम जाणवेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असलं की 9 हजार टनांना एवढं रग्गड होतं.

गाडी उभी केली मेन लाइनवर. शेजारी सायडिंग, म्हणजे डबे लावून ठेवायचा बाजूचा रूळ, होती आणि तिच्यावर डिरेलही होता, म्हणजे सुटलेला डबा मुद्दाम रुळावरून खाली पाडून तिथंच थांबवणारा लोखंडी तुकडा. पण सायडिंगमध्ये एका कारखान्याचे रिकामे डबे लावून ठेवलेले असायचे. त्यामुळे तेलाची गाडी मेन लाइनवर आणि रिकामे डबे सुरक्षित जागी.

आता ब्रेकचं नीट समजून घ्यायला हवं कारण सगळं प्रकरण त्यावर आहे. अशा मालगाडीला तीन तऱ्हेचे ब्रेक असतात. एक, पूर्ण गाडीतून जाणारा ब्रेक पाइप. यात हवा भरलेली असते, ड्रायव्हरनं तिचं प्रेशर झटकन कमी केलं की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा त्या डब्याचा ब्रेक लावते. दोन, नुसत्या इंजिनांचा ब्रेक, जो इंजिनातल्या हवेवर चालतो आणि हवा आहे तोवरच धरतो. तीन, हँडब्रेक, म्हणजे प्रत्येक डब्याच्या टोकाला असलेलं लोखंडी चाक. ते हातानं गरागरा फिरवायचं, आतली साखळी ताणत जाते आणि ब्रेकचे ठोकळे (शू) चाकावर आवळले जातात. याला हवा लागत नाही, वीज लागत नाही, फक्त माणूस लागतो. म्हणून गाडी सोडून जायची तर भरवसा फक्त तिसऱ्यावर ठेवायचा, हा जगभरातल्या रेल्वेचा पहिलीतला धडा. आपल्याकडं घाटात ट्रक उभा राहिला की क्लीनर उडी मारून आधी चाकाखाली दगड लावतो, हवेचा ब्रेक कितीही नवा असला तरी. तीच अक्कल.

ड्रायव्हरनं सात हँडब्रेक लावले. पाच इंजिनं, त्यामागचा रिमोट कंट्रोलचा डबा आणि एक बफर डबा, म्हणजे इंजिनं आणि तेलाचे डबे यांच्यात अंतर ठेवणारा. कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यात एवढ्या गाडीला किमान नऊ लिहिले होते. बोर्डानं नंतर गणित मांडलं तेव्हा निघालं की ब्रेकची अवस्था आणि चाक किती जोरानं आवळलं यानुसार 17 ते 26 लागले असते. म्हणजे कंपनीचा तक्ता पाळला असता तरी गाडी सुटली असती! हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं. नऊ हा आकडा एकूण डब्यांवरून काढलेला ठोकताळा, उतार किती, वजन किती याचा त्यात जेमतेम विचार.

बरं, अंदाज चुकला तरी तो पकडायची सोय असते. हँडब्रेक लावून झाले की सगळे हवेचे ब्रेक सोडायचे आणि इंजिननं गाडी हलवून बघायची. हलली नाही तर हँडब्रेक पुरेसे. इथं ही टेस्ट झाली, पण इंजिनांचा हवेचा ब्रेक लावलेलाच होता. गाडी हलली नाही, टेस्ट पास. खरं तर सात हँडब्रेक मिळून लागणाऱ्या जोराच्या साधारण तिसरा हिस्साच देत होते, बाकी सगळं इंजिनातली हवा धरून होती. आणि हवा टिकायची तर एक तरी इंजिन चालू राहायला हवं. पाचातलं पुढचं एक चालू ठेवलं होतं.

नेमकं तेच इंजिन आजारी. आठ महिन्यांपूर्वी ते बिघडलं होतं तेव्हा नीट दुरुस्तीला वेळ आणि पैसा लागेल म्हणून एपॉक्सीसारखं काहीतरी भरून वेळ मारून नेली होती. ते भरलेलं सुटलं, तेल जिथं जायला नको तिथं, टर्बोचार्जरमध्ये साठलं. त्या रात्री इंजिन काळा-पांढरा धूर ओकत होतं. ड्रायव्हरला हॉटेलवर न्यायला आलेल्या टॅक्सीच्या काचेवर तेलाचे थेंब उडत होते. ड्रायव्हरनं कंट्रोलला, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या ऑफिसला, धुराचं सांगितलंही, ठरलं की सकाळी बघू.

पावणेबाराच्या आधी कुणीतरी फोन केला, इंजिनाला आग लागलीय. फायर ब्रिगेड आली, त्यांनी पहिलं काम केलं ते इंजिन बंद करायचं, इंधन तोडलं, आग विझवली. यात त्यांचं काय चुकलं? काहीच नाही, जळतं इंजिन बंदच करतात. कंपनीनं माणूस पाठवला तो रुळांचं काम बघणारा, इंजिनातलं त्याला फारसं कळत नव्हतं. त्यांनी मिळून कंट्रोलशी बोलून घेतलं, आग विझली, सगळं ठीक, चला घरी. दुसरं इंजिन चालू करायला हवं हे त्या बोलण्यात कुणालाच सुचलं नाही.

इंजिन बंद, कॉम्प्रेसर बंद, हवा हळूहळू गळायला लागली. इथं एक बारीक गोष्ट आहे जी मला फार भयंकर वाटते. ब्रेक पाइपमधलं प्रेशर झटकन पडलं असतं तर सगळ्या 72 डब्यांचे ब्रेक आपोआप लागले असते. पण गळती इतकी मंद होती की डब्यांखालच्या व्हॉल्व्हना ती "ब्रेक लावा" अशी सूचना वाटलीच नाही. डब्यांच्या टाक्यांत हवा होती, यंत्रणा शाबूत होती, आणि ती गप्प बसली. रात्री एकला काही मिनिटं कमी असताना इंजिनांचा ब्रेक इतका ढिला झाला की गाडी हलली. फायर ब्रिगेड जाऊन तासही झाला नव्हता.

पुढची अठराएक मिनिटं गाडी अंधारात एकटी उतरत होती. गावात शिरताना स्पीड ताशी 105 किलोमीटरच्या आसपास. गावाच्या मधोमध वळण आणि सांधा, तिथं 63 डबे उडाले. इंजिनं सुटून तशीच पुढं गेली आणि चढावर थांबली.

एक आपल्याकडची आठवण इथं द्यावीशी वाटते. कसारा आणि भोर घाटात उतार 37 ला 1, म्हणजे नांतच्या दुपटीहून जास्त. तिथं घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या जागी थांबून ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवावं लागतं, तोवर पुढचा रस्ता कॅच सायडिंगला लावलेला असतो, म्हणजे सुटलेली गाडी गावात न जाता चढावरच्या आंधळ्या रुळावर जाऊन दमते. ही व्यवस्था इंग्रजांच्या काळापासूनची आहे. लाक-मेगांटिकच्या वर असलं काही नव्हतं, कारण ती लाइन कुणी "घाट" समजतच नव्हतं.

डब्यात काय होतं

कच्चं तेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डांबरासारखं काळं, घट्ट काहीतरी येतं, जे पेटायलाही वेळ घेईल. फायर ब्रिगेडवाल्यांचाही तोच समज असायचा. बाकेनचं तेल तसं नाही, ते हलकं, पातळ, त्यात ब्युटेन-प्रोपेनसारखे गॅस विरघळलेले, पेटण्याच्या बाबतीत पेट्रोलच्या जवळपास जाणारं. कागदावर मात्र या तेलाचा धोक्याचा गट खालचा दाखवलेला होता. धोकादायक मालाचे तीन गट असतात, हे तेल दुसऱ्या गटातलं असताना तिसऱ्यात, म्हणजे सगळ्यात सौम्य गटात टाकलेलं. वेगवेगळ्या विहिरींचं तेल एकत्र भरायचं, नमुना नीट तपासायचा नाही, मागच्या वेळचाच कागद पुढं, असा कारभार.

आणि डबे डॉट-111 जातीचे. हे जुनं, सर्वकामाचं मॉडेल, मक्याचं सिरप न्यायलाही तेच. पत्रा 11 मिलिमीटरचा, बऱ्याच डब्यांना बाहेरून जाकीट नाही, टोकाला ढाल नाही, वरचे व्हॉल्व्ह उघडे. अमेरिकेच्या तपास यंत्रणा कित्येक वर्षं सांगत होत्या की हे डबे पडले की फुटतात. त्या रात्री घसरलेले जवळपास सगळेच फुटले. गाडीत 77 लाख लिटर तेल होतं, त्यातलं 60 लाख लिटर सांडलं आणि जवळजवळ लगेच पेटलं. तेल रस्त्यांवरून, गटारांतून वाहत गेलं, त्यामुळे आग घरांच्या खालून, ड्रेनेजमधून वर आली. शुक्रवारची रात्र, उन्हाळा, गावातला म्युझी-कॅफे नावाचा बार भरलेला. मेलेल्यांतले बरेचसे तिथं होते. 40 इमारती आणि 53 गाड्या गेल्या, दोन हजार लोकांना, म्हणजे गावातल्या तिसऱ्या हिश्श्याला, घरं सोडावी लागली. पाच जणांचे अवशेष कधीच मिळाले नाहीत. साधारण एक लाख लिटर तेल तळ्यात आणि शोदिएर नदीत गेलं, खालच्या गावांनी नदीचं पाणी घेणं बंद केलं. नंतर गावाच्या मध्यातल्या ज्या इमारती आगीतून वाचल्या त्यातल्याही बऱ्याच पाडाव्या लागल्या, जमीनच तेलानं खराब झालेली.

न घसरलेले नऊ डबे शेपटाला उभे होते. ते आगीपासून मागं ओढून नेण्याच्या कामात गाडीचा तोच ड्रायव्हर होता, हॉटेलमधून धावत आलेला.

हिशेब कुणी दिला

एमएमएकडं अपघाताचा विमा होता अडीच कोटी कॅनेडियन डॉलरचा. नुसती साफसफाईच त्याच्या कित्येक पट. ऑगस्ट 2013 मध्ये, म्हणजे महिन्याभरात, कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, विषय संपला. नंतर तेल विकणारे, भरणारे, डबे भाड्यानं देणारे, विमेवाले अशा पंचवीसेक पार्ट्यांनी मिळून सुमारे 45 कोटी डॉलरचा फंड केला. कॅनेडियन पॅसिफिक त्यात आली नाही, तिचं म्हणणं आमची गाडी माँट्रियलला संपली. डिसेंबर 2022 मध्ये क्वेबेकच्या सुपीरियर कोर्टानं तिला जबाबदार नाही असंच ठरवलं. कायद्यानं बरोबर असेल. पण तेल मात्र न्यू टाउनपासून सेंट जॉनपर्यंत एकाच कागदावर चाललं होतं.

फौजदारी खटला तिघांवर, ड्रायव्हर, कंट्रोलर आणि वाहतुकीचा मॅनेजर. 47 जणांच्या मृत्यूला कारणीभूत निष्काळजीपणा. जानेवारी 2018 मध्ये ज्युरीनं नऊ दिवस विचार करून तिघांना सोडलं. तेव्हा गावातल्याच अनेकांनी म्हटलं की आरोपीच्या पिंजऱ्यात चुकीची माणसं बसवली होती.

बोर्डाच्या रिपोर्टमधला मला सगळ्यात झोंबणारा भाग सरकारबद्दलचा आहे. एमएमएनं सुरक्षा व्यवस्थापनाचं बाड 2002 च्या सुमारालाच तयार केलं होतं, अंमलबजावणी सुरू केली 2010 मध्ये, आणि 2013 मध्येही ते धड चालत नव्हतं. ट्रान्सपोर्ट कॅनडा या सरकारी खात्यानं, ज्यांचं कामच हे, 2010 पर्यंत त्याचं ऑडिट केलं नव्हतं. फाइल आहे, शिक्का आहे, कारभार शून्य. हे वाचताना ओळखीचं वाटलं तर दोष माझा नाही.

नंतर नियम धडाधड आले. अडीच आठवड्यांत आदेश निघाला की धोकादायक मालाच्या गाडीवर किमान दोन माणसं, आणि अशी गाडी मेन लाइनवर बेवारस सोडायची नाही. 2015 मध्ये नवा डबा आला, पत्रा 14 मिलिमीटर, जाकीट, टोकाला पूर्ण ढाल. कॅनडानं जुने डॉट-111 कच्च्या तेलातून 1 नोव्हेंबर 2016 पासून बाहेर काढले. नॉर्थ डकोटानं 1 एप्रिल 2015 पासून गाडीत भरण्याआधी तेलातला गॅस काढायची सक्ती केली. विजेवर चालणारे ब्रेक, जे सगळ्या डब्यांना एकदम लागतात, त्यांचा नियम अमेरिकेनं 2015 मध्ये केला आणि 2018 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून मागं घेतला.

आणि हँडब्रेकचं काय? फेब्रुवारी 2019 मध्ये ब्रिटिश कोलंबियात फील्डजवळ, उणे 28 डिग्रीत, धान्याची 112 डब्यांची गाडी डोंगराच्या उतारावर हवेच्या ब्रेकवर अडीच-तीन तास उभी होती. हँडब्रेक एकही लावलेला नव्हता. थंडीत हवा गळली, गाडी सुटली, तिघे कर्मचारी मेले. त्यानंतर चार दिवसांत मंत्र्यांचा आदेश, अशा उतारावर इमर्जन्सी ब्रेकनं थांबलेल्या गाडीला हँडब्रेक लावलेच पाहिजेत. म्हणजे नांतनंतर साडेपाच वर्षांनी. नांतचा धडा "तेलाच्या गाड्यांसाठी" म्हणून घेतला गेला, धान्याच्या गाडीला तो लागू आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग पाइपलाइनच बरी?

अपघातानंतर पाइपलाइनवाल्यांनी लगेच हेच म्हणायला सुरुवात केली, आणि माणसं मरण्याच्या हिशेबात ते खरंही आहे. पाइप गावाच्या मधून शंभरच्या स्पीडनं धावत नाही. पण पाइप फुटला की त्याची जातच वेगळी. जुलै 2010 मध्ये मिशिगनमधल्या मार्शलजवळ एन्ब्रिजची 6बी लाइन फुटली. दूर एडमंटनच्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, ऑपरेटरना वाटलं पाइपात पोकळी झालीय, त्यांनी दोनदा पंप परत चालू केला. सतरा तास. शेवटी बाहेरच्या माणसानं फोन करून सांगितलं की ओढ्यात तेल आहे. तोवर 8 लाख गॅलनहून जास्त, म्हणजे 30 लाख लिटरच्या वर, कलमझू नदीकडं गेलेलं. ते जड तेल तळाशी बसलं, सफाईला वर्षानुवर्षं आणि अब्ज डॉलरच्या वर खर्च. त्या पाइपातली चीर 2005 च्या तपासणीतच दिसली होती. मेलं कुणी नाही. पण कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला समोरचं दिसत नाही आणि तो "सगळं ठीक" असं समजून चालतो, हे नांतमध्येही होतं आणि मार्शलमध्येही.

आता योगायोग बघा. लाक-मेगांटिकला महिनाही झाला नव्हता आणि 1 ऑगस्ट 2013 ला ट्रान्सकॅनडा कंपनीनं एनर्जी ईस्ट पाइपलाइन जाहीर केली. 4500 किलोमीटर, रोज 11 लाख बॅरल, पश्चिमेकडून क्वेबेक ओलांडून थेट सेंट जॉनला. म्हणजे जिथं ती गाडी चालली होती तिथंच. चार वर्षं प्रकरण चाललं, क्वेबेकमधल्या गावांनी, महापौरांनी, मूळनिवासी समाजांनी विरोध केला, माँट्रियलमधली एक सुनावणी तर गोंधळात बंद पडली. ऑक्टोबर 2017 मध्ये कंपनीनं प्रकल्प गुंडाळला. मी त्या विरोधाला नावं ठेवत नाही, प्रत्येक गावाला तो हक्क आहेच. पण लाक-मेगांटिकला 2012 मध्ये कुणी विचारलं होतं का, की तुमच्या बाजारपेठेतून रोज लाखो लिटर तेल नेऊ का? विचारायची गरजच नव्हती, रूळ एकोणिसाव्या शतकापासून तिथं होते. खरं तर गावच त्या रुळांमुळे मोठं झालं होतं.

नंतर रेल्वेचा जोर कमी झाला तो सुरक्षेच्या विचारानं कमी आणि भावानं जास्त. 2014 च्या शेवटाला तेल पडलं, भावातला फरक आटला. जून 2017 मध्ये डकोटा अ‍ॅक्सेस पाइपलाइन चालू झाली, स्टँडिंग रॉक इथल्या मूळनिवासींच्या मोठ्या आंदोलनानंतरही, आणि बाकेनचं बरंच तेल तिच्यात गेलं. कॅनडात उलट, तिथं पाइपलाइनी अडकल्या म्हणून फेब्रुवारी 2020 मध्ये रेल्वेनं होणारी निर्यात रोज चार लाख बॅरलच्या वर गेली होती. मे 2024 मध्ये ट्रान्स माउंटनचा वाढीव पाइप चालू झाला आणि पश्चिमेकडचा बराच ताण हलका झाला. आपल्याकडं मुंबई हायचं कच्चं तेल समुद्राखालच्या पाइपनं येतं, रेल्वेनं जातं ते प्रामुख्यानं पेट्रोल-डिझेल. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोकडं येणारे-जाणारे टँकचे रेक बघितले असतील तर अंदाज येईल. त्यामुळे हा वाद आपल्याला त्या रूपात माहीत नाही.

लाक-मेगांटिकच्या लोकांची मागणी एकच होती, रूळ गावाबाहेर काढा. मे 2018 मध्ये केंद्र आणि क्वेबेक सरकारनं मिळून साडेबारा किलोमीटरचा बायपास जाहीर केला, खर्चाचा अंदाज 13.3 कोटी डॉलर, जो नंतर कित्येक पटींनी वाढला. नवा रूळ नांत आणि फ्राँतनाक या शेजारच्या गावांतल्या शेतांतून, पाणथळ जागांतून जाणार. तिथल्या विहिरींचं पाणी आटेल अशी भीती निघाली, जमिनीवाले कोर्टात गेले, 2023 मध्ये फ्राँतनाकनं सार्वमत घेतलं आणि लोकांनी प्रचंड बहुमतानं बायपास नको म्हणून सांगितलं. अपघाताला दहा वर्षं झाली तेव्हा बायपासचं कामही सुरू झालेलं नव्हतं. जुनी लाइन मात्र अपघाताच्या वर्षीच, डिसेंबर 2013 मध्ये चालू झाली. आता ती परत कॅनेडियन पॅसिफिककडं (2023 पासून तिचं नाव कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी) आहे, आणि गाड्या गावाच्या मधूनच जातात, धोकादायक मालाच्या डब्यांसकट.